पडवी, काच आणि माथ्यावरचा सूर्य

घराच्या एका अंगाला काचेची खोली जोडून राहती जागा वाढवण्याची पद्धत मूळची उत्तर युरोपातील असून, थंडीत संत्र्या-लिंबांची झाडे जगवण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या काचघरांतून ती आलेली आहे. ब्रिटनमध्ये काचेवरील उत्पादनशुल्क १८४५ मध्ये रद्द झाले, काच स्वस्त झाली, आणि १८५१ मध्ये जोसेफ पॅक्स्टन यांच्या आराखड्यानुसार लंडनच्या हाइड पार्कमध्ये लोखंड व काच यांचे भव्य स्फटिकगृह उभे राहिले. पुढे हीच कल्पना ‘कन्झर्व्हेटरी’ या नावाने मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोचली. बंगळुरूच्या लालबागेतील १८८९ चे काचघर त्याच स्फटिकगृहाच्या धर्तीवरचे आहे. मात्र ते झाडाफुलांसाठी आणि प्रदर्शनांसाठी आहे, तेथे कोणी राहत नाही, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता कर्जत-खालापूर पट्ट्यातील बंगले, फार्महाउस आणि गावठाणातील जुनी घरे या सर्वांत पडवी किंवा गच्चीचा कोपरा ॲल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये काच बसवून बंद केला जाताना दिसतो. त्यामागची गरज खरी आहे. खोपोलीलगतच्या साजगावात कार्तिक महिन्यात विठोबाची यात्रा भरते, सुक्या मासळीच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे, आणि अशा दिवसांत पाहुण्यांच्या अंथरुणांना जागा लागते. एरवीही मुलांचा अभ्यास, वृद्धांची खाट आणि पावसाळ्यातले वाळत घातलेले कपडे यांना घर अपुरे पडते. प्रश्न जागा वाढवावी की नाही हा नसून, लंडनच्या सूर्यासाठी घडलेली खोली साजगावच्या सूर्याखाली कशी वागते, हा आहे.

लंडन उत्तर अक्षांश ५१.५ अंशांवर आहे, तर साजगाव सुमारे १८.८ अंशांवर. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही लंडनचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, म्हणजे तो उभ्या काचेतून खोलीच्या आतपर्यंत आडवा शिरतो आणि थंडीत हवीशी ऊब देतो. त्याच दिवशी साजगावचा सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असताना, तो ७१ अंशांपर्यंत चढतो. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तो बरोबर माथ्यावर येतो, म्हणजे ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो येथे वर्षातून दोनदा येतो. जुलैमध्ये ढग असतात. मे महिन्यात ते क्वचितच असतात, आणि त्या वेळी घराचा जो भाग सर्वाधिक ऊन खातो तो भिंत नसून छप्पर असतो.

काचेत ऊन अडकते म्हणजे नेमके काय होते, याबद्दल शालेय पुस्तकांत सहसा अर्धीच गोष्ट सांगितली जाते. सूर्याच्या प्रारणाचा बहुतेक भाग लघुलहरींचा, म्हणजे दृश्य प्रकाशाचा आणि त्याला लागून असलेल्या अवरक्त किरणांचा असतो. तो काचेतून सहज आत येतो आणि लादी, भिंती, सोफा यांत शोषला जातो. तापलेल्या या वस्तू मग दीर्घलहरी अवरक्त प्रारण बाहेर टाकतात, आणि ते साध्या काचेतून पार होत नाही. परंतु अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये दोन खोकी उन्हात ठेवून, एकावर काचेचे तावदान आणि दुसऱ्यावर दीर्घलहरींना वाट देणाऱ्या सैंधवाची पट्टी बसवून पाहिले, तेव्हा दोन्ही खोकी जवळजवळ सारखीच तापली. काचघर तापण्याचे मुख्य कारण प्रारण अडकणे हे नसून तापलेली हवा अडकणे हे आहे, असा त्याचा अर्थ होतो. मोकळ्या जागी गरम झालेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा थंड हवा घेते. या अभिसरणालाच बंद काच थांबवते. मावळातील फुलशेतीच्या पॉलिहाउसांना माथ्याशी झरोके असतात आणि उन्हाळ्यात त्यांवर हिरवी जाळी ओढली जाते, ती याच कारणासाठी. गुलाबासाठी घेतली जाणारी ही काळजी माणसांसाठी बांधलेल्या काचेच्या खोलीत मात्र बहुधा घेतली जात नाही.

आकडेमोड केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. दहा फूट बाय दहा फूट, म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर आकाराच्या खोलीवर पूर्ण काचेचे छप्पर घातले आणि मे महिन्यातील निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर ९०० वॅटच्या आसपास ऊन पडले, तर साधी काच त्यातील सुमारे ८० टक्के आत सोडते असे धरून खोलीत जवळजवळ ६.७ किलोवॅट उष्णता शिरते. एक किलोवॅटच्या सहा-सात इस्त्र्या एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे हे आहे. वातानुकूलन यंत्राचा ‘टन’ म्हणजे एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेते तितक्या वेगाने उष्णता काढण्याची क्षमता, आणि ती ३.५ किलोवॅटएवढी असते. त्यामुळे दीड टनाचा एसी सुमारे ५.३ किलोवॅट काढू शकतो आणि एकट्या छपरापुढेच हरतो, मग भिंती, माणसे आणि बाहेरची तापलेली हवा यांचा हिशेब तर अजून व्हायचाच असतो. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागात खाऱ्या वाऱ्यांचा दिलासाही किनाऱ्याइतका मिळत नाही. म्हणूनच काचेचे छप्पर ही साजगावच्या हवामानात हौसेपुरतीही परवडणारी गोष्ट नाही, असे ठामपणे म्हणावे लागते.

याउलट कोकणी घराची पडवी, म्हणजे मुख्य घराचे छप्पर पुढे उतरवून त्याखाली केलेली अर्धी उघडी जागा, ही सूर्याचे गणित आधीच सोडवून बसलेली रचना आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या पडवीची वळचण, म्हणजे भिंतीपुढे आलेली छपराची कड, तीन फूट असल्यास मार्चमध्ये, दिवस-रात्र समान असतानाच्या मध्यान्ही, तिची सावली जवळजवळ नऊ फूट खाली पोचते आणि सगळी भिंत झाकली जाते. डिसेंबरमध्ये मात्र सावली सव्वातीन फुटांवरच थांबते आणि खालच्या भागातून कोवळे ऊन आत येते. एकही यंत्र न हलवता पडवी हिवाळ्यात ऊन घेते आणि उन्हाळ्यात ते नाकारते. दक्षिणेकडची उभी काच या वळचणीच्या आत राहिली तर ती फारसे नुकसान करत नाही. पश्चिमेची गोष्ट वेगळी आहे: एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून सुमारे २६ अंशांवर असतो आणि तीच तीन फुटांची वळचण जेमतेम दीड फूट सावली देते. पूर्वेला बोरघाटाची उंच भिंत असल्यामुळे येथे सकाळचे ऊन उशिरा उतरते, पण पश्चिम बाजू मोकळी आहे, आणि दिवसभर तापलेल्या हवेत संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची भर पडते. पश्चिमेच्या पडवीला काच लावण्यापेक्षा तेथे जाळी, बांबूचे चिक किंवा एखादे पसरट झाड अधिक उपयोगाचे.

पावसाचा हिशेबही करायला हवा. ज्या पावसाच्या बळावर टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालत आले, तो या पट्ट्यात एका मोसमात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर, त्यामुळे वर सांगितलेल्या दहा बाय दहाच्या छपरावर चार महिन्यांत सुमारे २८ हजार लिटर पाणी पडते. काच आणि ॲल्युमिनियम उष्णतेने कमी-अधिक प्रमाणात प्रसरण पावतात, उन्हाळाभर त्यांच्यामधले सिलिकॉन ताणले जाते, आणि मृगाच्या पहिल्या सरींत गळती नेमकी त्याच सांध्यांतून सुरू होते. शिवाय जेथे माकडे-वानरे छपरांवर उड्या मारतात, तेथे माथ्यावरची काच कोणती आहे याला फार महत्त्व येते. तापवून झटकन थंड केलेली टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असली, तरी फुटल्यावर तिचे असंख्य खडे खाली कोसळतात. दोन काचांमध्ये चिवट प्लास्टिकचा पडदा असलेली लॅमिनेटेड काच तडकली तरी जागीच धरून राहते, म्हणून डोक्यावर काच असेलच तर ती लॅमिनेटेडच असली पाहिजे.

ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये आणलेल्या इको-निवास संहितेत उष्ण-दमट हवामानातील घरांसाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावे असे म्हटले आहे. बंद केलेल्या पडवीच्या बाबतीत हा निकष दुप्पट महत्त्वाचा ठरतो, कारण पूर्वी पडवीतून माजघरात जाणारा वारा आता काचेपाशीच अडतो आणि नव्या खोलीबरोबर जुनी खोलीही कोंदट होते. सरकत्या खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो, बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते, आणि आडव्या पट्ट्यांची लूव्हर खिडकी झड अडवूनही वारा सोडते. पागोळ्या गळत असताना वारा हवा असलेल्या घरात यांपैकी शेवटचा पर्याय सर्वांत समजूतदार आहे. ब्रिटनमध्ये लहान कन्झर्व्हेटरीला ऊर्जाविषयक बांधकाम नियमांतून सूट मिळते ती मूळ घर आणि काचेची खोली यांच्यामध्ये बाहेरच्या दर्जाचा दरवाजा कायम असेल तरच. पडवी आत घेताना मधली भिंत पाडण्याचा मोह होतो तेव्हा ही अट आठवावी. मागच्या पडवीत चूल, गॅसची शेगडी किंवा गॅसचा गिझर असेल तर मात्र ती जागा काचेने बंद करूच नये, कारण अपुऱ्या हवेत ज्वलन अर्धवट होऊन तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक असतो.

या भागातील घरांना माथ्यावरची काच तशी नवी नाही. मंगलोरी कौलांच्या छपरात, माजघराच्या काळोख्या भागावर, एखादे काचेचे कौल बसवण्याची रीत कोकणात जुनी आहे. एका चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात, तेव्हा एका काचेच्या कौलातून भर दुपारी सुमारे ५० वॅट उष्णता आत येते, एवढी एका जुन्या पिवळ्या बल्बचीही असे. प्रकाश मात्र सुमारे पाच हजार ल्युमेन, म्हणजे दोन ट्यूबलाइटींइतका मिळतो. शेजारच्या कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जात राहते, आणि खाली जमिनीवर पडलेला उन्हाचा चौकोन दिवसभर सरकत राहतो.