दोनशेची वाट कशाला?

सोमवारी, ३० डिसेंबर २०२४ रोजी, मुंबई महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामे सरसकट थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. तिथला हवेचा निर्देशांक सतत दोनशेच्या वर जात होता. निर्णय योग्यच होता. पण दोनशे म्हणजे नेमके काय हे कळले, की त्याला किती उशीर झाला तेही कळते.

निर्देशांक ही सगळ्या प्रदूषकांची सरासरी नाही. धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन अशा प्रत्येक घटकाचा उपनिर्देशांक वेगळा काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट आकडा हाच शहराला सांगितला जातो. आता हिशेब पाहा. पीएम २.५ हे सूक्ष्म कण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम झाले की निर्देशांक १०० होतो. २४ तासांसाठी आपल्या देशाने आखलेली मर्यादा तीच. निर्देशांक २०० होतो तेव्हा कण ९० वर पोहोचलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १५ ची आहे. म्हणजे हे सहापट झाले. तरीही २०० पर्यंतची हवा आपल्या तक्त्यात ‘मध्यम’ म्हणून नोंदली जाते.

धूळ कशी पसरते, ते बांधकामाच्या फाटकापाशी उभे राहिले की दिसते. डंपर बाहेर पडतो तेव्हा टायरच्या खाचांत ओली माती असते. डांबरावर तिचे दोन पट्टे उमटतात, दुपारपर्यंत वाळतात, आणि मागून येणारी प्रत्येक बस ती माती पुन्हा हवेत उडवते. समोरच्या घरात सकाळी पुसलेला खिडकीचा कट्टा संध्याकाळी बोटाला खरखरीत लागतो.

यावरचा उपाय पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्येच लिहून ठेवला आहे. उंच पत्रे लावा, पाणी फवारा, राडारोडा झाकून न्या, गाडीची चाके धुऊनच ती रस्त्यावर सोडा. देखरेखीसाठी विभागवार पथकेही नेमली. यातले एकही काम दोनशेच्या आकड्यासाठी अडलेले नाही.

निर्देशांकाने शंभरी ओलांडली त्याच दिवशी पथक फाटकावर हवे, आणि कुणाला किती दंड झाला याची विभागवार यादी दर आठवड्याला लोकांपुढे यायला हवी. वाचकहो, न धुतलेली चाके रस्त्यावर दिसली तर विभाग कार्यालयात तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.