सांभार म्हणजे कोथिंबीर: वऱ्हाडच्या वाटेवरची शिदोरी

अमरावतीच्या इतवारा बाजारात पुण्याहून आलेल्या मावशीला घेऊन मी भाजीला गेलो होतो. वांगी तोलून झाली तशी भाजीवाल्या बाईंनी विचारलं, "सांभार टाकू का माय?" मावशी म्हणाली, "सांबार नको, थोडी कोथिंबीर द्या." बाईंनी हिरवीगार जुडी पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "हाच त सांभार हाये." मावशीनं तो शब्द तिथेच दोनदा घोळवला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाजारात गेली. "उलसा सांभार द्या जी," असं म्हणताच बाईंनी मूठभर जास्तच दिला. उलसा म्हणजे थोडासा.

डेन्मार्कला निघालेला माणूस 'हाय' म्हणजे नमस्कार आणि 'टाक' म्हणजे आभार, एवढं तरी घोकून जातो. अकोला-अमरावतीला येताना मात्र "मराठीच तर आहे" म्हणून कोणी तयारी करत नाही. मराठी आहेच, पण तिची चाल वेगळी आहे. चार खुणा माहीत असल्या की ती कानाला लगेच उलगडते.

पहिली खूण उच्चारांची. ळ चा इथे य होतो: काळा तो काया, डोळा तो डोया, शाळा ती शाया, डाळ ती दाय. आणि शब्दातल्या ड च्या जागी ळ येतो: गाडी ती गाळी, इकडे ते इकळे, थोडं ते थोळं. ण चा न होतो, म्हणून पाणी ते पानी. हे बदल नेमानं होतात. नेम कळला की पाऊस पडतो आहे हे सांगणारं "पानी पळून रायलं" आपोआप समजतं.

दुसरी खूण 'ले' ची. मला, तुला, त्याला यांच्या जागी मले, तुले, त्याले. किंमत विचारायची तर "कितीले?" पुरतं. इथे म्हणजे अठी, तिथे म्हणजे तठी, कुठे म्हणजे कोठी. 'का' विचारायचं असेल तर काहून. होकाराला हाव, नकाराला नाई. जायचं आहे हे सांगायला "मले जा लागते" म्हणा, रिक्षावाला लगेच वळेल.

तिसरी खूण क्रियापदाची, आणि प्रवाशाच्या ती फार कामाची. मुंबईहून येताना अकोला, मूर्तिजापूर आणि मग बडनेरा लागतं. अमरावतीचा फाटा बडनेऱ्याहून फुटतो. तिथल्या फलाटावर "गाळी येऊन रायली" ऐकलं तर सामान उचला, गाडी येते आहे. "गाळी येईन" ऐकलं तर बसा, गाडी पुढे कधीतरी येईल. प्रमाण मराठीत 'येईन' मी स्वतःबद्दल म्हणतो. इथे तो, ती, ते सगळेच 'येईन'. आणि बसमध्ये कंडक्टर "समोर चला" म्हणाले तर पुढे सरकायचं.

'येऊन रायली' ची घडण हिंदीतल्या 'आ रही है' सारखी आहे. त्यामागे इतिहास आहे. अचलपूर ही इथल्या इमादशाहीची राजधानी. पुढे मोगल आले, मग निजाम, आणि 1853 साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. हिंदीच्या इतक्या शतकांच्या शेजारानं बटाट्याला आलू आणि आल्याला अद्रक केलं. टोमॅटो मात्र इथे भेदरं झाले, शेंगदाणे फल्लीदाणे. शेताला वावर म्हणतात, बैलगाडीला बंडी. अमरावतीत गिलावडा खा, आणि वावरात रोडग्यांचं जेवण मिळालं तर चुकवू नका; गोवरीच्या निखाऱ्यावर भाजलेला रोडगा फोडून वांग्याच्या भाजीबरोबर खातात.

चौथी खूण अदबीची. डॅनिश भाषेत 'कृपया' साठी एक ठरलेला शब्द नाही. विनंती वाक्याच्या वळणातच असते. वऱ्हाडीतही कोणी 'कृपया' म्हणत नाही. तिचा मान 'जी' मध्ये असतो: काकाजी, मामाजी, "या जी", "बसा जी". वडीलधाऱ्या बाईला माय म्हटलं की ती लेकरासारखं वाट दाखवते. 'बे' मात्र बरोबरीच्या दोस्तांचा शब्द आहे. पाहुण्यानं तो नुसता ऐकावा. मुलांना कोणी पोट्टे म्हणालं तर रागावू नये, त्यात माया असते.

ही बोली अशुद्ध आहे असं कोणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभावांनी मराठी गद्याचा पाया घातला. म्हाइंभटांचं लीळाचरित्र 1278 च्या सुमाराचं. आज तिथेच मराठी भाषा विद्यापीठ आहे. याच जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, तेही याच बोलीत, आणि उत्तर देता देता माणसं विचार करायला लागत. उद्धव शेळक्यांच्या 'धग' (1960) कादंबरीत नायिका कौतिक वऱ्हाडीत बोलते म्हणून तिचं दुःख जवळचं वाटतं. पुरुषोत्तम बोरकरांनी तर 'मेड इन इंडिया' ही कादंबरी वऱ्हाडीतच लिहिली. ज्या बोलीनं एवढं पेललं, तिचे दहा शब्द पाहुण्यानं शिकणं हा तिचा मानच आहे.

शेवटचा शब्द निघताना ऐकू येईल. मावशी पुण्याला परत जाताना भाजीवाल्या बाईंना सांगायला गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवायीले येजा." 'या' म्हणजे आत्ता या, 'येजा' म्हणजे पुढे, आठवण ठेवून या. लहानाला 'येजो', मोठ्यांना 'येजा'. पुढल्या भेटीची आज्ञा देणारं हे रूप वऱ्हाडीनं क्रियापदातच जपलं आहे. मावशी म्हणाली, "हाव जी, येतो." बाईंनी पिशवीत आणखी एक जुडी टाकली.