गौरीच्या फेरांतील मैत्रिणी

रायगड जिल्ह्यांत, कर्जत तालुक्यांत, कडाव म्हणून एक गांव आहे. बाळ दिगंबर गणेशाच्या देवळामुळें त्याचें नांव दूरच्या भाविकांसही ठाऊक असतें. परंतु उल्हास नदीच्या खोऱ्यांतील इतर गांवांप्रमाणेंच त्याचें जीवन पिढ्यान् पिढ्या भातशेतीच्या चक्राबरोबर फिरत आलें. आषाढांत चिखलणी व लावणी चालू असतां कोणास मान वर करावयास सवड नसते. भाद्रपद उजाडतो तेव्हां बेणणी उरकलेली असते आणि कापणीस अद्याप अवधि असतो. नेमक्या या उसंतींत गणपति येतो व त्याच्यामागोमाग गौर येते. अनुराधा नक्षत्रावर तिचें आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळावर विसर्जन, असा तिचा तीन दिवसांचा मुक्काम. कोकणांत पुष्कळ घरीं गौर तेरड्याची असते. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण तिला अक्षरशः लागू पडते.

गौर ही माहेरवाशीण. म्हणून तिच्याबरोबर घरोघरच्या लेकीही माहेरीं येतात, आणि येथेंच या सणाचें एक अंग असें दिसतें कीं ज्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. गांवांतील पुरुषाचे बाळपणचे सोबती त्याच्या आसपासच राहतात; बांधाला बांध, देवळाच्या पारावर रोजची बैठक. मैत्री टिकविण्यासाठीं त्याला कांहीं करावें लागत नाहीं. मुलीचें तसें नाहीं. एका गांवचीं घरें बहुधा एका भावकीचीं, त्यामुळें सोयरीक बाहेरगांवीं व्हावयाची. एकत्र पाणी भरणाऱ्या चार मैत्रिणी चार दिशांस जावयाच्या. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय किमान १४ ठरविलें. त्यापूर्वीं तर खेळाच्या वयांतच ही ताटातूट होत असे. ज्यांना पत्र लिहितां येत नव्हतें, त्यांच्या जन्माच्या मैत्रीला वर्षांतून या दोन रात्रींचाच काय तो आधार होता.

त्या दोन रात्री बोलण्यांत कमी आणि खेळण्यांत अधिक जात. पूजनाच्या रात्रीं ओटीवर किंवा अंगणांत फेर धरला जातो. झिम्मा, पिंगा, कोंबडा, बसफुगडी आणि साधी उभी फुगडी, असा क्रम सोयीप्रमाणें लागतो. यांपैकीं फुगडीची रचना थोडी न्याहाळून पाहण्यासारखी आहे. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, पावलें एकमेकींच्या पावलांजवळ ठेवतात, हातांची अढी घालतात आणि अंग मागें झोंकून देतात. या क्षणीं कोणीच स्वतःच्या तोलावर उभी नसते. एकीचा भार दुसरीच्या हातांवर असतो. फिरण्याचा वेग वाढतो तसतशी बाहेर फेंकलें जाण्याची ओढ वाढते व पकड घट्ट करावी लागते. एकीनें हात सोडला तर दोघीही पडतात. म्हणून फुगडीला जोडीदारीण निवडून घ्यावी लागते: बेताच्याच वजनाची, सारख्या उंचीची, आणि जिचे हात ओळखीचे आहेत अशी. ती बहुधा बाळपणचीच मैत्रीण असते.

या नाचाचें संगीतही खेळणाऱ्याच निर्माण करतात. झिम्म्याला टाळी हाच ताल. फुगडीला तोंडानें काढलेला ‘फू’चा घोष, त्यालाच पकवा म्हणतात. डोंगराकडील ठाकर वाड्यांत ढोलकी असते. दक्षिण रायगड व रत्नागिरीकडे पुरुषांच्या जाखडीनाचांत गाणारे आणि मृदंगवाला मध्यें बसतात व नाचणारे त्यांच्याभोंवतीं फिरतात. वाद्य असो वा नसो, गाणाऱ्याचे डोळे नाचणाऱ्याच्या पावलांवर असतात, हें महत्त्वाचें. फेरांत एखादी सत्तरीची म्हातारी शिरली कीं पुढें म्हणणारी आपोआप लय उतरवते. ती बाजूला झाली कीं पुन्हां चढवते. गाण्यांत ऐन वेळीं कोणाच्या तरी सासूचें किंवा नवऱ्याचें नांव गोंवलें जातें आणि हंशा पिकतो. आजी, लेक व नात एकाच फेरांत खेळूं शकतात त्या एवढ्याचमुळें. ध्वनिवर्धकावर लावलेल्या मुद्रित गाण्यास नाचणारी दमली आहे हें कळत नाहीं.

आधुनिक शास्त्रज्ञांनींही या विषयांत लक्ष घातलें आहे. २०१५ सालीं रॉबिन डनबार आणि त्यांचे सहकारी यांनीं ब्राझीलमधील शाळकरी मुलांवर प्रयोग केला. एका लयींत नाचल्यानें, आणि स्वतंत्रपणें अंगमेहनतीनेंही, वेदना सोसण्याची शक्ति वाढते व बरोबरच्यांविषयीं जवळीक वाटते, असें त्यांस आढळलें. तत्पूर्वीं २००३ सालीं न्यूयॉर्क येथील ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. शरीरश्रमाच्या छंदांपैकीं केवळ नृत्याचाच संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशीं दिसून आला. नाचामुळें स्मृति टिकते कीं स्मृति शाबूत असलेलेच नाचतात, हें मात्र अशा अभ्यासावरून निर्विवाद ठरत नाहीं.

या आनंदाची एक दुसरी बाजूही आहे. ज्या रात्रीं लेक माहेरीं यावयाची, त्याच रात्रीं ती सासरची सून असते आणि तिच्या सासरींही गौर बसलेली असते. नवी नवरी पहिल्या गौरीला सूप घेऊन ओवसा भरते, तेव्हां तिचें कौतुक होतें. पुढें घराचा भार अंगावर आला कीं माहेरची वाट अडते. फेरांत एकीची जागा रिकामी राहते, आणि तिच्या जोडीची मैत्रीण त्या वर्षीं फुगडीस उठत नाहीं. घरांतील थोरल्या बाईनें मनावर घेतलें तर यांतून मार्ग निघतो: एक सून पूजनाला राहते, दुसरी माहेरीं जाते, पुढल्या वर्षीं उलट.

अलीकडे हे खेळ करून दाखविणारीं मंडळें निघालीं आहेत. विस्मरणांत जाणारे खेळ त्यांनीं राखले, याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. मात्र तेथें घरच्या बाया खुर्च्यांवर बसून पाहतात, आणि पाहणारीचा हात कोणाच्या हातांत नसतो. २००० सालच्या ध्वनिनियमांनुसार रात्रीं १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो. सणासुदीला कांहीं दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. टाळीला असा कांहीं प्रश्न येत नाहीं. जागर करणाऱ्या बायांना पहाटेपर्यंत खेळावयाचें असेल, तर ओटी मोकळी करून देणें आणि सकाळच्या चहाची जबाबदारी पुरुषांनीं उचलणें, एवढेंच पुरेसें होतें.