नैवेद्याची वेळ आणि आगाऊ मागणी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा सूर्य डोक्यावर येऊ लागला की घराघरांतून एकच लगबग सुरू होते. श्रीगणेशाच्या पार्थिव मूर्तीचे पूजन मध्याह्नकाळी करावे, असा शास्त्रसंकेत आहे. त्यामुळे भिवंडीच्या ब्राह्मण आळीत काय, कामतघरात काय किंवा पद्मानगरात काय, आरतीची आणि नैवेद्याची वेळ जवळजवळ एकच येते. ज्यांच्या घरी मोदक होतात त्यांच्या चुलीवर मोदकपात्र चढलेले असते. ज्यांच्या घरी ते होत नाहीत, ते गृहस्थ मात्र पिशवी घेऊन मिठाईच्या दुकानापुढील रांगेत तिष्ठत असतात. घरी समया तेवत आहेत, मुले भुकेली आहेत, आणि यजमानांचा पत्ता नाही, हे दृश्य आपल्या परिचयाचे नाही काय?

या तिष्ठण्यावर आता एक उपाय रूढ झाला आहे. चार-आठ दिवस आधी मोबाइलवरून मागणी नोंदवावयाची, पैसे भरावयाचे आणि ठरल्या वेळी मोदक, पुरणपोळी किंवा सबंध नैवेद्याचे ताट घरपोच घ्यावयाचे. झोमॅटोचा उगम २००८ सालचा, स्विगीचा २०१४ सालचा. परंतु उकडीच्या मोदकांची नोंदणी घेणाऱ्या आपल्या गृहिणींना अशा मोठ्या व्यवस्थेचीही गरज लागत नाही. एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुरतो.

उकडीचा मोदक हा पेढ्याबर्फीसारखा टिकणारा पदार्थ नव्हे. तांदळाची पिठी उकडावी, ती गरम असतानाच मळावी, ओल्या खोबऱ्याचे आणि गुळाचे सारण भरून मुखऱ्या पाडाव्यात आणि वाफवून लगेच वाढावे. तासंतास राहिला तर त्याची पारी कोरडी पडते, चिरते. मागणी आधी कळली म्हणजे किती नारळ खवावयाचे, किती पिठी लागेल, कोणते घाणे केव्हा उतरवावयाचे, याचा मेळ बसतो. करणारीचे अन्न वाया जात नाही आणि घेणाऱ्याचा खोळंबा होत नाही.

वस्तुतः ही कल्पना आपणांस नवी नाही. भिवंडी ही मागांची नगरी. पाळी सुटल्यावर कामगाराला चूल पेटविण्यास उसंत नसते. म्हणून तो खानावळीत, म्हणजे येथील बोलीत ‘बिशी’त, आधीच नाव नोंदवितो आणि वेळेवर तयार ताटावर बसतो. मुंबईच्या गिरणगावात अशाच खानावळी चालविणाऱ्या कष्टाळू स्त्रियांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आगाऊ ठरलेल्या अन्नावर कित्येक संसार तरले आहेत.

तरीही भाविक गृहिणीच्या मनात एक शल्य राहते: विकतचे अन्न देवाला चालेल काय? सोवळ्याचा आग्रह ज्या घरी आहे, त्यांनी तो अवश्य पाळावा. परंतु जी दिवसभर नोकरी करते, जिचे हात वयपरत्वे थकले, तिने अपराधी का वाटून घ्यावे? भक्तीने वाहिलेले पान, फूल, फळ, पाणीही मी स्वीकारतो, असे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा मोदक बाहेरून आले तरी दूर्वांची जुडी आपल्या हाताने निवडावी, निदान वरणभाताची मूद स्वतः पाडावी. मागणी देताना अन्न नैवेद्यासाठी आहे, हेही स्पष्ट सांगावे, म्हणजे ते उष्टावले जाणार नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. भर पावसात, भिवंडीच्या खड्ड्यांतून वाट काढीत जो तरुण आपल्या दाराशी डबा घेऊन येतो, त्याच्याही घरी कदाचित गणपती बसला असेल. सर्वांनीच भर माध्यान्हीची वेळ मागितली तर त्याने कोठे कोठे पोहोचावे? शक्य असेल त्याने तासभर आधीची वेळ द्यावी. थोडा उशीर झाला तर उंबऱ्यावर त्याला बोल लावू नये. पाण्याचा पेला पुढे करावा आणि आरती झाली असल्यास प्रसादाचा एक मोदक त्याच्या हाती ठेवावा.

रांगेतील वाचलेला तास देवापुढे आणि माणसांत गेला, तरच तो खरोखर वाचला. विघ्नहर्ता सर्वांच्या घरी वेळेवर जेवो!