नटाचे मौन

घसा बसला की हळद-दूध घ्यायचे, त्याने नाही भागले तर ज्येष्ठमधाची काडी चघळायची, आणि तरीही आवाज उघडला नाही तर आणखी एक खर्रा तोंडात टाकायचा. वाचकहो, वीसेक वर्षे माझ्या घशाचे औषधपाणी हे एवढेच होते.

मी पेशाने शिक्षक आणि हौसेने नट. दिवसा साठ पोरांच्या वर्गात ओरडायचे, रात्री तालमीत. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कुठूनही गणेशोत्सवाचे बोलावणे आले की ‘नटसम्राट’मधली स्वगते म्हणायला मी एका पायावर तयार. शिरवाडकरांचे हे नाटक डिसेंबर 1970 मध्ये रंगभूमीवर आले, डॉ. श्रीराम लागूंनी त्यातले गणपतराव बेलवलकर उभे केले आणि पुढे गावोगावी कुणी ना कुणी आरशासमोर बेलवलकर होऊ लागला. आमच्या गल्लीतला तो मी. डॉ. लागू स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. 1969 मध्ये वैद्यकी सोडून ते पूर्ण वेळ नट झाले. आम्ही हौशी मंडळींनी त्यांचा खर्ज तेवढा उचलला, त्यामागचे शास्त्र कुणालाच उचलावेसे वाटले नाही.

1997 च्या गणेशोत्सवानंतर माझा आवाज बसला तो उठेचना. सकाळी शब्द फुटायचा नाही, दुपारी फुटला तर फाटका. राज्य नाट्य स्पर्धा तोंडावर आलेली आणि मुख्य भूमिका माझी. पण खरी भीती वेगळीच होती. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचा आवाज असाच बसला होता. तोही खर्रा खायचा. वर्षाच्या आत आम्ही त्याला खांदा दिला. सौ. तोंडाने काही बोलली नाही, पण एका सकाळी माझ्या खिशातली पुडी काढून तिने चुलीत टाकली आणि म्हणाली, “अहो, आज शाळेत रजा टाका.”

डॉक्टरांनी जीभ कापडात धरून बाहेर ओढली, घशात छोटा आरसा घातला आणि “ई म्हणा” म्हणाले. ती दोन मिनिटे मला एका अंकाएवढी लांब वाटली. कर्करोग नव्हता. दोन्ही स्वरतंतूंवर, ते एकमेकांना टेकतात नेमक्या त्या जागी, बारीक गाठी होत्या. डॉक्टरांनी समजावले की साधे बोलतानाही पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आदळतात, बायकांचे दोनशेच्या आसपास. ओरडताना हा मार आणखी वाढतो. कुदळ चालवणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात, तसेच हे. “मास्तर, दहा दिवस पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नको, तिनेही घशाला ताण पडतो. खाकरणे बंद, खर्रा कायमचा बंद. पाणी भरपूर प्या.” आता डॉक्टर इतके कडक मौन सहसा सांगत नाहीत. बेताने बोलणे आणि वाचोपचार, म्हणजे बोलण्याची नव्याने शिकवण, यावर भर असतो. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

पहिले तीन दिवस मी नुसता चिडलो. पाटीवर लिहून मीठ मागायचे! चौथ्या दिवशी सायकल काढून सेवाग्रामला गेलो. वर्ध्यात राहणाऱ्याला बापूकुटीचे अप्रूप नसते. पाहुणे आले की त्यांना दाखवायला जायचे, एवढेच. पण त्या दिवशी कुटीसमोर बसलो आणि गांधीजींचा सोमवार आठवला. कामाच्या रेट्यात थोडी उसंत मिळावी म्हणून ते सोमवारी बोलत नसत. पुढे त्या मौनाचे व्रतच झाले. 2 जून 1947 ला फाळणीचा प्रश्न ऐरणीवर असताना ते माउंटबॅटनना भेटले. तो सोमवार होता. तेव्हाही त्यांनी मौन सोडले नाही, जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून आपले म्हणणे सांगितले. आणि मी मिठासाठी रागावत होतो.

तिथे बसल्या बसल्या एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. मी गप्प होतो, पण माझा घसा गप्प नव्हता. मनात स्वगत चालू होते आणि त्याबरोबर जिभेचे मूळ ताठ होत होते, खांदे वर चढत होते, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकत होता. स्पर्धेतला परीक्षक आठवला की मान आवळायची. म्हणजे गाठी काही रंगमंचावर ओरडूनच आल्या नव्हत्या. दिवसभर, न बोलतासुद्धा, मी आवळलेलाच असायचो. हे मी बदलायला गेलो नाही, नुसते पाहत राहिलो. पाहता पाहता खांदे आपोआप खाली आले. याला कुणी ध्यान म्हणेल, कुणी सजगता. मी नाव ठेवण्याच्या भानगडीत पडलो नाही. पुढे वाचोपचारात पोटावर पुस्तक ठेवून श्वास घ्यायला शिकवले, तेव्हा हेच कामी आले.

त्या वर्षीची भूमिका गेली. माझ्याजागी एक तरुण मुलगा उभा राहिला आणि मी पडदा ओढायला. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? त्याहून वाईट हे वाटले, की जिथे मी गर्जायचो तिथे तो हळू बोलला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

त्याच रात्री रंगपटात आमचे म्हातारे रंगभूषाकार म्हणाले, “तोंडावरचा रंग तं तेलानं निघते, मास्तर. आतला कशानं काढता?” प्रश्न वर्मी लागला. प्रयोगानंतर रात्री तीन-तीनपर्यंत मला झोप नसायची आणि बेलवलकरांचा संताप दुसऱ्या दिवशी घरातल्या भांड्यांवर निघायचा. पुढच्या वर्षी रंगमंचावर परतलो तेव्हापासून प्रयोग संपला की कुणाचे कौतुक ऐकण्याआधी दहा मिनिटे एकटा बसतो. रंग सावकाश पुसतो, श्वास खाली उतरू देतो. मग मनातल्या मनात आपले नाव, घराचा पत्ता आणि उद्या पहिला तास कुठल्या वर्गावर आहे, हे म्हणायचे. निवृत्तीनंतर तासाऐवजी दूध कुणी आणायचे ते म्हणतो.

शिक्षक, कीर्तनकार, भाजीवाले, बस वाहक, सगळे घशावरच पोट भरतात. आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला, तर ज्येष्ठमधावर विसंबू नका, घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू किंवा खर्रा खाणाऱ्यांनी तर तेवढीही वाट पाहू नये.

सोमवारी दुपारपर्यंत मी अजूनही बोलत नाही. नातू तेवढ्या वेळात सायकलसाठी पैसे मागून घेतो, कारण नाही म्हणायला आजोबांना पाटी शोधावी लागते.