पुठ्ठ्याचे खेकडे, खरी बेटे

उन्हाळा सुरू झाला की अमेरिकेतल्या काही छोट्या गावांबाहेर एक गमतीचा बेत ठरतो. संध्याकाळी मोकळ्या मैदानात मोटारी येऊन ओळीने उभ्या राहतात. समोर चार मजली घराएवढा पांढरा पडदा. माणसे फुलाफुलांचे हवाई शर्ट घालून, गळ्यात कागदी फुलांच्या माळा अडकवून आलेली. प्लास्टिकच्या माडांखाली अननसाचे सरबत चालू. अंधार पडला की पडद्यावर एकामागून एक दोन-तीन जुने सिनेमे. त्यांत एक बेट, एक वेडा शास्त्रज्ञ आणि एक राक्षस हमखास. राक्षस आला की घाबरायचे नाही, हॉर्न वाजवायचा! असे हे 'ड्राइव्ह-इन' थिएटर आणि अशी ही 'ट्रॉपिकल नाइट'.

हा प्रकार सुरू झाला न्यू जर्सी राज्यात. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या गृहस्थाने घरासमोर मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना चादर बांधली आणि पडद्यामागे रेडिओ लावला. मागच्या मोटारीला पुढचीचे टप आड येऊ नये म्हणून पुढच्या चाकांखाली ठोकळे घालून किती चढ लागतो ते पाहिले. या चढाच्या रचनेचे त्याला पेटंट मिळाले आणि ६ जून १९३३ रोजी त्याचे थिएटर उघडले. दर मोटारीला २५ सेंट आणि माणशी २५ सेंट. लेकरे रडली तरी शेजारच्यांची तक्रार नाही, हीच त्यातली सोय. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, घरे शहराबाहेर सरकली आणि १९५०च्या दशकाअखेर अमेरिकेत अशी सुमारे चार हजार थिएटरे झाली.

मोठ्या कंपन्यांचे नवे सिनेमे मात्र आधी शहरातल्या थिएटरांना मिळत. मैदानातल्या पडद्याला रोज काहीतरी स्वस्तातले हवे असे. ही गरज भागवली बी-मूव्हींनी. 'बी' हा मुळात दर्जा नव्हे. १९३०च्या मंदीत एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत, त्यातला दुय्यम तो 'बी'. १९५४ साली सुरू झालेल्या अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्ससारख्या कंपन्यांनी तरुण पोरांचा हा ग्राहक बरोबर हेरला. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन (१९२६–२०२४) तर या धंद्याचा बादशहा. प्रवासाचा खर्च एकदाच व्हावा म्हणून तो एकाच ठिकाणी दोन-दोन, तीन-तीन सिनेमे उरकून घेई. हवाईतल्या काऊआई बेटावर आणि नंतर पोर्तो रिकोत त्याने हेच केले. पोर्तो रिकोतल्या 'क्रीचर फ्रॉम द हाँटेड सी' (१९६१) मधला समुद्रराक्षस म्हणजे पाणबुड्याचा पोशाख, त्यावर भांडी घासायच्या तारेच्या घासण्या, डोळ्यांच्या जागी टेनिसचे चेंडू आणि बुबुळांना पिंगपाँगचे! पडद्यावर तो आला की भीती कसली वाटणार?

याच कॉर्मनचा 'अटॅक ऑफ द क्रॅब मॉन्स्टर्स' (१९५७) अशा रात्रींचा लाडका. प्रशांत महासागरातल्या एका बेटावर अणुचाचण्यांची धूळ पडते आणि खेकडे हत्तीएवढे होतात. ते ज्याला खातात त्याचा मेंदूही पचवतात आणि मग त्याच्याच आवाजात त्याच्या मित्रांना हाका मारतात. आपल्याकडच्या चकव्याच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. त्याच वर्षीच्या 'फ्रॉम हेल इट केम' मध्ये अन्यायाने मारलेला बेटावरचा राजपुत्र झाडाच्या रूपाने उठून चालू लागतो. आपला मुंजा पिंपळावर राहतो, हा पिंपळच निघाला म्हणायचा! १९६९ साली अमेरिकेत लागलेल्या 'मॅड डॉक्टर ऑफ ब्लड आयलंड' या फिलिपिन्सच्या सिनेमाची तऱ्हा आणखी वेगळी. खेळ सुरू होण्याआधी प्रेक्षकांना हिरवे पाणी वाटून 'हिरव्या रक्ताची शपथ' घ्यायला लावत.

पण सगळे राक्षस बेटांवरच का? युद्धात लाखो अमेरिकन सैनिक प्रशांत महासागरात जाऊन आले होते. परतताना त्यांनी माड, ढोल आणि फुलांच्या माळांची चित्रे मनात आणली. वेळूच्या भिंतींची, लाकडी मूर्तींची 'टिकी' हॉटेले गावोगाव निघाली. १९५९ साली हवाई हे राज्य झाले आणि त्या वेडाला भरच आली. बेट म्हणजे सुट्टी, बेट म्हणजे मौज.

नेमक्या याच काळात त्या महासागरात दुसरे एक नाटक चालले होते आणि ते पुठ्ठ्याचे नव्हते. १९४६ साली मार्शल बेटांपैकी बिकिनी बेटावरच्या १६७ लोकांना अमेरिकेने तिथून हलवले आणि १९५८पर्यंत तिथे २३ अणुस्फोट केले. १ मार्च १९५४चा 'ब्राव्हो' स्फोट अंदाजापेक्षा कितीतरी मोठा झाला. त्याची राख शेजारच्या राँगेलाप बेटावरच्या माणसांवर आणि एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. त्याच वर्षी जपानमध्ये 'गोझिला' आला, तो ही जखम घेऊनच. अमेरिकेत मात्र त्याच राखेतून हास्यास्पद खेकडे निघाले. पोहण्याच्या कपड्याला त्या बेटाचे नाव मिळाले आणि बेटावरचे लोक आजही तिथे पुन्हा कायमचे राहायला जाऊ शकलेले नाहीत.

म्हणून अशा रात्रीची मजा घेताना एक प्रश्न टाळता येत नाही. आपण हसतो आहोत ते कशाला? टेनिसच्या चेंडूंचे डोळे, खेकड्याला ओढणारी दिसणारी तार, 'प्रशांत महासागर' म्हणून खपवलेला कॅलिफोर्नियाचा किनारा यांना हसण्यात काही गैर नाही. लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ सालच्या आपल्या निबंधात 'कॅम्प' या रसिकतेची फोड केली, त्यात हेच मर्म आहे. मनापासून, गंभीरपणे केलेली गोष्ट फसते तेव्हाच ती अशी गोड लागते. पण त्याच सिनेमांत बेटावरची माणसे म्हणजे अंगाला रंग फासलेले नट, भाला नाचवणारे, बोलणे तोडकेमोडके. तिथे हसू आले तर ते फसलेल्या राक्षसाला नव्हे, घर गमावलेल्या माणसाला येते. दोन्ही हसण्यांत फरक आहे आणि तो आपला आपण करायचा आहे.

आपल्यालाही हे नवे नाही. 'झपाटलेला' (१९९३) मधल्या तात्या विंचूला आपली मुले घाबरतात आणि दुसऱ्या क्षणी हसतात. कन्नड घरांत डॉ. राजकुमार यांच्या १९६८ सालच्या 'गोवादल्ली सीआयडी ९९९' चे नाव निघाले की ज्येष्ठांचे डोळे चमकतात. आपला जेम्स बाँड आणि तोही गोव्यात! या सिनेमांवर आपण हसतो ते घरच्या माणसाची थट्टा करावी तसे. पण त्यातही सावळ्या रंगाची, खेड्यातल्या बोलीची, लठ्ठपणाची टिंगल येते. तिथे क्षणभर थांबावे, मुलांशी बोलावे.

या रात्री टिकाव्यात की नाही, हा प्रश्न आता अमेरिकेतही आहे. आधी टीव्ही, मग व्हिडिओ आला. गावे वाढली तशी मैदानांची किंमत सिनेमाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पुढे गेली. नंतर रिळांऐवजी डिजिटल प्रोजेक्टर घ्यावे लागले आणि तो खर्च न झेपल्याने कित्येक पडदे बंद पडले. आज तीनशेच्या आसपास थिएटरे उरली आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या लीहायटन गावच्या महोनिंग ड्राइव्ह-इनने उलटी वाट धरली. नवे सिनेमे सोडले, जुनी ३५ मिलिमीटरची रिळेच दाखवायची ठरवली आणि एकेका विषयाच्या रात्री भरवल्या. लांबलांबून माणसे येऊन तंबू ठोकून राहू लागली. २०२१ साली त्या जागेवर सौरऊर्जेचा प्रकल्प येणार असे ठरत होते. चाहत्यांनी एवढा आवाज उठवला की कंपनीने माघार घेतली. फसलेल्या राक्षसांनी एक मैदान वाचवले म्हणा ना!

आपल्या देशातही अहमदाबादला १९७३ साली ड्राइव्ह-इन सुरू झाले आणि मुंबईत २०२१ साली एक नवे उघडले. पण मोटारीवाचून उघड्यावर सिनेमा पाहायची रीत आपल्याला त्याआधीपासून ठाऊक आहे. जत्रेतला तंबू टॉकीज मराठी मुलखात होता, तसा टेंट सिनेमा कर्नाटकातही होता. रीळ तुटले की शिट्ट्या, नायक आला की चिल्लर. त्या तंबूत मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी मांडी घालून बसत आणि कुठे हसायचे हे कुणाला कुणी समजावून सांगावे लागत नसे.

येत्या सुट्टीत करून पाहण्यासारखे आहे. गच्चीवर चादर बांधावी, छोटा प्रोजेक्टर मागून आणावा, परातभर चुरमुऱ्यांचा चिवडा करावा. एक सिनेमा आजोबांच्या पसंतीचा, एक नातवंडांच्या. एक मराठी, एक कन्नड. राक्षसाला पोटभर हसावे आणि मधल्या सुट्टीत मुलांना विचारावे, "हे बेट खरे असते, तर तिथली माणसे आज कुठे असती?" उत्तर त्यांना लगेच नाही सुचले तरी चालेल. प्रश्न लक्षात राहील.