कोनी आयलंडचा ‘सायक्लोन’

न्यूयॉर्कला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा कोनी आयलंडच्या सायक्लोनमध्ये बसलो. तेही हट्टाने शेवटच्या डब्यात!

२६ जून १९२७ ला सुरू झालेला हा रोलर कोस्टर अजून धावतोय. आराखडा व्हर्नन कीनन यांचा, उभारणी हॅरी बेकर यांची. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन यांचा ‘स्विचबॅक रेल्वे’ हा कोस्टरसुद्धा कोनी आयलंडलाच सुरू झाला होता.

विशेष म्हणजे सायक्लोनचा सांगाडा पोलादी आहे. तरी तो लाकडी कोस्टरच, कारण ट्रॅक लाकडाचा. फळ्यांचे थर एकावर एक बसवतात आणि चाक टेकतं तिथे वरून पोलादी पट्टी. लाकूड किंचित दबतं, हलतं. ती खडखड थेट हाडांत जाणवते.

साखळी गाडीला सुमारे ८५ फूट वर ओढते. चढताना येणारा कटकट आवाज असतो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्टीचा. पुढे इंजिन नाही, सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. पहिला उतार जवळजवळ ५८ अंशांचा!

शेवटचा डबाच का? पुढचे डबे उतरू लागले की मागच्याला माथ्यावरून जोरात खेचतात आणि आपण सीटवरून चक्क उचलले जातो. गाडी मात्र सुटत नाही, कारण रुळाच्या खालच्या बाजूनेही चाकं असतात. त्या रचनेचं पेटंट जॉन मिलर यांना १९१९ मध्ये मिळालं. माझ्या मते कोस्टरच्या इतिहासातला हा सर्वात मोठा शोध.

 कोनी आयलंडला गेलात, तर शेवटचाच डबा पकडा!